पॉट निघाला निपाणीला

३ मार्च १९४०, रविवार. शहापूर, बेळगाव.

कॅम्पातल्या एका साहेबाची बदली झाली, त्याच्या सामानाचा लिलाव होता. हे गेले पुस्तकांचं कपाट आणायला, आले आइस्क्रीमचा पॉट घेऊन. लाकडी बादली, तिच्या पोटात कल्हईचा उंच डबा, वर फिरवायचा दांडा. दांड्याची मूठ मोडलीय, सुताराकडून नवी बसवावी लागेल.

आत्ती (माझ्या सासूबाई) भोवतीनं फिरून बघून म्हणाल्या, "ह्यात ताक घुसळायचं व्हय?"

ह्यांना वाटलं मी रागावणार. गणिताचे मास्तर, पण बायकोचा हिशेब अजून जमत नाही. मी रागावले नाही. मला सिस्टर अगाता आठवल्या.

मागच्या वर्षी अपेंडिक्स कापलं तेव्हा मिशनच्या दवाखान्यात पडले होते. पाणी द्यायचं नाही असा डॉक्टरांचा हुकूम. ही इटलीची बाई ओला बोळा ओठांवरून फिरवायची आणि तिच्या गावच्या गोष्टी सांगायची. डोंगरावरचा बर्फ गवतात गुंडाळून खेचरांवरून खाली आणत, त्यात दूध गोठवत. त्याला म्हणे जेलातो. मी तहानेनं तडफडतेय आणि ही मला बर्फाच्या गोष्टी सांगतेय! तेव्हाच मनाशी म्हटलं होतं, जगले वाचले तर हे एकदा खाईन.

आता नुसतं खाईन कशाला. करीनच.

१० मार्च, रविवार

दवाखान्यात जाऊन आले. सि. अ. (पूर्ण नाव लिहिण्यात शाई जाते) मला बघून हसल्या. त्यांचं मराठी आयांकडून शिकलेलं, त्यामुळे गोऱ्या तोंडातून "काय गं, बरी हायस न्हवं?" असं येतं. ऐकताना अजून गंमत वाटते.

कृती विचारली. दूध, साखर, आणि अंड्याचं पिवळं. भरपूर पिवळं. लिंबाची साल दुधात उकळायची, पण रस नाही, सालीचा पिवळा पापुद्रा तेवढाच. "सावकाश फिरवायचं," हे दोनदा सांगितलं.

मी म्हटलं, झालं की पहिली वाटी तुम्हाला. तर म्हणाल्या, त्यांचा मोठा उपास चालू आहे, त्यांचा सण होईपर्यंत गोडाला शिवायचं नाही. मला बरंच वाटलं. म्हणजे मला सरावाला वेळ मिळाला. आणि आमच्यासारखेच उपास ह्यांच्यातही असतात हे आत्तींना सांगायला झालं.

अंड्याचं काय करायचं? आत्ती माळकरी. अंडं आणलं तर मला आणि अंड्याला एकदमच बाहेर काढतील.

१४ मार्च, गुरुवार

सुचलं! तवकीर!

उपासाला आत्तींना तवकिरीची (कंदाच्या पांढऱ्या पिठाची) खीर करत होते. ढवळताना पळीच्या पाठीला दाट साय धरावी तसा थर आला. सि. अ.नी अंड्याचं सांगताना हेच सांगितलं होतं, चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं की रेघ उमटली पाहिजे. मी बोट ओढलं. रेघ!

ह्यांना हाक मारून दाखवली. म्हणाले, "बोट भाजलं नाही का?" भाजलं. पण रेघ आली ना.

१९ मार्च, मंगळवार. एकादशी.

फजिती. लिहावीशी वाटत नाही, तरी लिहिते.

म्हैशीचं दूध काकतीच्या गौराक्काकडून घेतलं, तिच्या दुधात पाणी नसतं, बोलण्यात मात्र असतं. तवकीर लावून शिजवलं, गार केलं, डब्यात भरलं. बर्फ कॅम्पातून गोणपाटात बांधून आणलेला, वरवंट्यानं फोडला. आता बर्फावर खडेमीठ घालायचं, त्याशिवाय दूध गोठत नाही, तर आत्ती मध्ये उभ्या.

"एकादशीचं मीठ वापरतीस? तवकीर उपासाची, दूध उपासाचं, आन् मीठ मात्र जेवणाचं?"

मी म्हटलं आत्ती, मीठ बाहेर, खायचं आत. पटेना. शेवटी शेंदेलोण घातलं. घरात होतं केवढं, मूठभर खडा! तोही तसाच अख्खा ठेवला. ह्यांनी घाम गाळून दांडा फिरवला. उघडलं तर गार दूध. खीरच, जरा थंड.

आत्ती वाटीभर प्यायल्या. "चांगली झाल्याय की!" म्हणाल्या. मला रडू आलं, रागानं.

२८ मार्च, गुरुवार

दुसऱ्यांदा. आज भरपूर खडेमीठ, आत्ती देवळात गेल्या होत्या. पण ह्यांना दम नाही. "बघू झालं का" म्हणून तीनतीनदा झाकण उघडलं, आणि खारट पाणी आत. घट्ट झालं होतं हो! रंग बघून जीव हरखला, जीभ लावली तर समुद्र.

ह्यांना सांगितलं, तुमच्या वर्गातली पोरं उत्तर झाकून ठेवतात तसं हे झाकून ठेवायचं, झाकणाला हात लावायचा नाही. कबूल झाले.

८ एप्रिल, सोमवार. पाडवा.

झालं. झालं. झालं.

लिंबाऐवजी महाळुंगाची साल घातली. परसातल्या झाडाला एकच फळ होतं, लिंबाच्याच जातीचं पण डोक्याएवढं, ते कुणाला तोडू दिलं नव्हतं. साल दुधात पडली आणि घरभर असा वास की आत्तींनी पूजेतून मान वर केली. तवकीर नीट शिजवली, कच्चा वास पार जाईपर्यंत. ह्यांनी दांडा असा गरागरा फिरवला की बादली नाचत होती. मग दांडा जाम. फिरेचना. "बिघडला पॉट," हे म्हणाले. मी म्हटलं, बिघडला नाही. धरलंय.

काढलं तेव्हा सुरीनं कापण्यासारखं. पांढरं, किंचित पिवळसर. जिभेवर पहिल्यांदा नुसता गारठा, मग दूध, मग महाळुंग.

मी केलं हे. ह्या हातांनी. बेळगावात हे कुणी घरात केलं असेल असं मला वाटत नाही.

संध्याकाळी शेजारचे वकील, त्यांच्या बाई, समोरचे पोस्टातले अण्णा, सगळ्यांना वाटीवाटी. वकील म्हणाले, "वहिनी, अगदी विलायती!" अण्णा म्हणाले, "इटलीतसुद्धा असं मिळत नसेल."

सगळे गेल्यावर भांडी घासताना हेच डोक्यात. वकिलांनी विलायत कुठं पाहिलीय? अण्णा संकेश्वरच्या पुढं गेलेले नाहीत. मी तरी कुठं खाल्लंय खरं जेलातो? मी जे केलं ते तेच आहे की तवकिरीची गोठलेली खीर, हे सांगणारं ह्या अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस आहे.

तिनं खाल्लंच पाहिजे.

११ एप्रिल, गुरुवार

दवाखान्यात गेले. सि. अ. नाहीत. त्यांचा सण झाला आणि लगेच निपाणीला पाठवलं, तिथं मिशनचा छोटा दवाखाना आहे. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांना खोकला फार, म्हणून.

निपाणी! चाळीस मैलांच्या वर. मी पायरीवर बसूनच राहिले. आया म्हणाली, "बाई, चक्कर आली काय?" म्हटलं, नाही गं. बर्फ आठवला.

१८ एप्रिल, गुरुवार. एकादशी.

आत्तींनी आज स्वतःहून विचारलं, "ते गार करणार न्हाईस व्हय आज?" मी म्हटलं, मिठाचं काय? त्या बराच वेळ वाती वळत राहिल्या. मग निकाल दिला:

"मीठ बर्फाला लागतंय. बर्फ डब्याला लागतोय. डबा दुधाला लागतोय. लई लांबचं नातं झालं. चालतंय."

दोन वाट्या खाल्ल्या. दात दुखले म्हणून गाल धरून बसल्या, तरी वाटी सोडली नाही.

१९ मे, रविवार

महिनाभर मनात आहे ते आज बोलले. पॉट घेऊन निपाणीला जायचं. माझी थोरली बहीण, आक्का, निपाणीतच दिलेली आहे. उतरायला घर आहे. शाळेला सुट्टी आहे. पाहिजे काय आणखी?

हे म्हणाले, "मे महिना आहे." म्हटलं, माहीत आहे. "मोटारीत चार तास, बिघडली तर सहा." माहीत आहे. "त्यांनाच इकडे बोलावू." त्यांना सुट्टी कुठली? "मग तिथं जाऊन कर." निपाणीत बर्फ कुठला? इथूनच न्यायचा. आणि आक्काच्या घरात तंबाखूचा असा वास की दुधालाही शिंक येईल.

मग म्हणाले, "एवढं कशासाठी?"

सांगता येईना नीट. म्हटलं, तुम्ही पोरांची उत्तरं तपासता. माझं उत्तर कुणी तपासायचं?

ह्यांनी पंचा घेतला आणि अंघोळीला गेले. बाहेर आले ते म्हणाले, "भाताचं तूस किती लागेल?"

चांगला आहे माझा नवरा. तोंडावर सांगणार नाही.

२५ मे, शनिवार

तयारी. सि. अ.च्या गावचे लोक बर्फ गवतात गुंडाळत. आमच्याकडं तूस. मोठी पेटी, तिच्यात तुसाची गादी, तिच्यावर बादली, चहूकडून तूस, वरून घोंगडं. महाळुंग संपलं होतं. खासबागेतल्या एका ओळखीच्या घरी झाड आहे, तिथून एक मागून आणलं. पहाटे उठून करायचं, पहिल्या मोटारीनं निघायचं.

आत्ती म्हणतात, "म्हेरच्यांनी हसू न्हये म्हंजे झालं."

२६ मे, रविवार. निपाणी.

हात भरून आलेत, पेटी धरून धरून. तरी आजच लिहिणार.

मोटारवाले पेटी टपावर चढवायला निघाले. मी म्हटलं, टपावर ऊन, पेटी माझ्या पायाशी. कंडक्टर म्हणाला, "आत काय हाय, साप?" हे म्हणाले, आइस्क्रीम. साऱ्या मोटारीनं वळून बघितलं. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "कुणाच्या लग्नाचं?" मी म्हटलं, लग्नाचं नाही, परीक्षेचं.

काकतीपर्यंत ठीक. पुढं घाटात इंजिन तापलं, थांबलो. पाणी घालून, झाकण उघडून, शिव्या देऊन परत चालू. तेवढ्यात पेटीच्या खालून ओहोळ. माझ्या पायाखालून पुढच्या बाकड्याकडं चालला. तिथल्या बाईनं पदर उचलला, "कुणाचं पोरगं गं हे?" कुणाचं नाही बाई, माझंच.

संकेश्वरला मोटार उभी राहिली ती राहिलीच. ऊन असं की डोळे मिटतात. ह्यांनी पेटीला हात लावला आणि माझ्याकडं बघितलं नाही. त्याच म्हाताऱ्यानं अंगावरचं घोंगडं काढलं. मी म्हटलं, बाबा, आधीच एक आहे, गरम होईल. तो हसला. "घोंगडं गरम करत न्हाय बाई. आत जे हाय ते आत ठिवतंय. थंडीत ऊब, उन्हात गारवा." मोटारीत ज्याला त्याला हे सांगत बसला. बाटलीतलं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतलं, पण निपाणी आली तरी घोंगडं परत घेतलं नाही, नुसतं आपलं गाव सांगितलं. उतरताना म्हणाला, "पास व्हा."

आक्का दारात. पेटी बघून, पाण्याची धार बघून म्हणाली, "एवढ्या लांबनं पाणी घिऊन आलीस व्हय गं? निपाणीत आड न्हाईत?" मी चहाही घेतला नाही. सरळ दवाखाना.

सि. अ. बाकावर बसून पट्ट्या गुंडाळत होत्या. ओळखलं लगेच. ह्यांनी पेटी ठेवली. मी घोंगडी काढली, तूस बाजूला केलं. बर्फाचा लगदा झालेला, अर्धं पाणी. डब्याचं झाकण पुसलं, तीनदा पुसलं, खारट थेंब राहू नये. उघडलं.

कडेनं सैल. मध्ये उभं.

एका वाटीत काढून दिलं. त्यांनी छातीवर खूण केली, हळूच काही पुटपुटल्या, आणि चमचा लावला. डोळे मिटले. मी ह्यांचा हात धरला होता, दवाखान्यात, सगळ्यांसमोर.

दुसरा चमचा. तिसरा. मग नाकाशी वाटी नेली. "हे लिंबू न्हाय." महाळुंग, मी म्हटलं, आणि पिशवीतून उरलेलं फळ काढून दाखवलं. ते त्यांनी दोन्ही हातांत घेतलं. त्यांच्या घराच्या भिंतीशी हेच झाड होतं म्हणाल्या. फळ खाली ठेवलं नाही, मांडीवरच.

"अंडं कुठं हाय?" नाही, तवकीर. कंदाचं पीठ. मी मान खाली घातली. तर त्या मोठ्यानं हसल्या. त्यांची आजी अंडी बाजारात विकायची आणि घरचं जेलातो पिठावर करायची. "अंडं श्रीमंताचं. पीठ आमचं."

वाटी चाटूनपुसून संपली. आता सांगतील. सांगितलं:

"साखर लई. आन् तुम्ही भर्रकन फिरवलंसा. त्यात वारा शिरलाय. सावकाश फिरवायचं, मी सांगितलं होतं न्हवं?"

ह्यांचा चेहरा पडला. बिचारे, फिरवणारे तेच. माझा? मला हसू आवरेना. वकिलांनी चूक काढली नव्हती, अण्णांनी नाही, कुणीच नाही. पाहुण्याच्या स्वयंपाकाला आपण वा वा म्हणतो, आणि घरच्याला मीठ कमी आहे म्हणून सांगतो. सि. अ.नी मला घरच्यात घेतलं.

निघताना म्हणाल्या, "परत आणा. साखर कमी."

२७ मे, सोमवार. निपाणी.

उरलेलं काल संध्याकाळीच आक्काच्या घरी. आक्कानं खाल्लं, मग शेजारणींना हाक मारून सांगितलं, "माझ्या बहिणीनं केलंय." पाणी घेऊन आल्याचं विसरली. मी विसरणार नाही, पुढच्या दिवाळीला काढीन.

म्हाताऱ्याचं घोंगडं वाळवून ह्यांनी त्याच्या गावच्या माणसाकडं पोचतं केलं.

५ जून, बुधवार. शहापूर.

पुढची खेप आषाढात ठरवली. तेव्हा ऊन नसेल. हे हळू फिरवायचा सराव करतायत, रिकामाच पॉट. पाढे म्हणत. एका पाढ्याला एक फेरा. आत्ती म्हणाल्या, "मास्तरला येड लागलं."

१२ जून, बुधवार

वकिलांकडं रेडिओ आहे. इटलीसुद्धा लढाईत उतरली, सरकारच्या विरुद्ध बाजूनं. वकील नकाशा काढून बसले होते. हे घरी येऊन मला सांगताना चप्पलही काढली नाही.

मी म्हटलं, मग? त्या काय लढणार आहेत? पट्ट्या गुंडाळतात.

हे म्हणाले, "सरकार देश बघतं, पट्ट्या नाही."

१७ जून, सोमवार

आक्काचा निरोप आला, तंबाखूच्या गाडीबरोबर. सि. अ.ना आणि त्यांच्या देशाच्या आणखी एकीला मोटारीतून नेलं. कुठं, कुणाला ठाऊक नाही. कुणी बंगळूरकडं म्हणतं, कुणी पार वर उत्तरेला, तारेच्या कुंपणात. वखारीतल्या बायका रस्त्यावर उभ्या होत्या म्हणे. जाताना सामान थोडंच होतं. हातात एक फळ होतं, वाळलेलं.

आत्तींना सांगितलं. त्यांनी जप थांबवला. "बाईमाणसाला कशाला नेत्यात?" म्हणाल्या, आणि परत माळ ओढू लागल्या, नेहमीपेक्षा जोरात.

राग आला आहे. कुणावर ते समजत नाही.

३० जून, रविवार

आज केलं.

खासबागेतून महाळुंग आणलं, ते छोटं होतं. साखर कमी, मोजून नाही, जिभेनं. ह्यांनी सावकाश फिरवलं, पाढे म्हणत, मोठ्यानं, न चुकता. झाकणाला हात लावला नाही. शेवटी दांडा जाम झाला, मी म्हटलं, धरलंय.

काढलं. पहिल्यापेक्षा दाट, जड. चमचा रुततो आणि तसाच उभा राहतो. वारा नाही. दूध पुढं आलं, साखर मागं राहिली, साल शेवटी. सि. अ.चं खरं होतं. दोन्ही चुका खऱ्या होत्या.

हे खाऊन म्हणाले, "आता?" मी म्हटलं, आता बरोबर आहे. कुणाला विचारलं नाही. माझं मला कळलं. असं कधी कळेल असं वाटलं नव्हतं.

आत्तींनी आपली वाटी संपवली, मग डब्यात बघून म्हणाल्या, "एक वाटी कुणाची काढून ठिवलीस?" मी डब्याचं झाकण लावलं. त्या उठल्या, आपल्या हातानं बर्फात मीठ घातलं, आणि घोंगडं ओढून बादलीवर नीट बसवलं.

साखर आता बरोबर आहे. एवढंच सि. अ.ना सांगायचं आहे. पत्ता कळला की.